मोरी उपसणारा हात

किल्ल्यांचा आणि लढायांचा इतिहास आपण हौसेने ऐकतो. मोरीचा इतिहास निघाला की नाकाला पदर लागतो. परंतु नगर वसविणे म्हणजे केवळ घरे उभारणे नव्हे. त्या घरांतील सांडपाण्याला वाट काढून देणे आणि ती वाट मोकळी ठेवणे हेही नगररचनेचेच काम आहे. बांधलेली मोरी आज ना उद्या तुंबतेच. तेव्हा ती कोणी व कशी उपसावयाची, या प्रश्नाला प्रत्येक काळाने जे उत्तर दिले त्यावरून त्या काळाची पारख करता येते.

१९२२ साली राखालदास बॅनर्जी यांनी सिंधमधील मोहेंजोदडो येथे उत्खननास आरंभ केला. इ. स. पूर्व २६०० ते १९०० या काळात भरभराटीस आलेल्या त्या नगरात रस्त्यांच्या कडेने विटांची गटारे होती. त्यांवर विटा वा दगडी फरशा अशा बसविल्या होत्या की, उचलून आतला गाळ काढता यावा. घरातील पाणी पुष्कळ ठिकाणी आधी लहान कुंडीत पडे. गाळ तळाशी बसे आणि वरचे पाणी पुढे जाई. म्हणजे मोरी तुंबणारच हे गृहीत धरूनच तेथील गवंड्याने काम केले होते.

रोमन लोकांनी पाण्याच्या लोंढ्यावर भिस्त ठेवली. इ. स. पूर्व ३३ मध्ये आग्रिप्पाने रोमची गटारे साफ करविली आणि त्यांतून नावेने टायबर नदीपर्यंत प्रवास केला, असे जुने इतिहासकार लिहितात. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या अभियंत्यांनी हाच विचार पुढे नेला. अंड्याच्या आकाराचे, तळाशी निमुळते गटार बांधले, तर पाणी थोडे असतानाही त्याचा वेग टिकतो आणि गाळ साचत नाही. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीने पार्लमेंट हैराण झाले, तेव्हा कोठे जोसेफ बॅझलजेटच्या मोठ्या गटारयोजनेस पैसा मिळाला. आपल्या मोरीखाली नळाला जे वाकण असते, त्याचाही उगम तिकडचाच. १७७५ साली अलेक्झांडर कमिंग याने शौचकूपाच्या नळास असे वाकण देऊन पेटंट घेतले. वाकणात पाणी साचून राहते व दुर्गंधी अडते. मात्र केस आणि तेलकट मळही तेथेच अडकतो.

कुंडी, उघडता येणारे झाकण आणि पाण्याचा वेग, या तीन गोष्टींत मोऱ्यांचे सारे शास्त्र सामावले आहे. आज मात्र दुकानातून कॉस्टिक सोड्याची पुडी आणावी, मोरीत ओतावी आणि तोंड फिरवावे, अशी रीत पडली आहे. हा सोडा पाण्यात पडताच तापतो आणि कातडी व डोळे जाळतो. तुंबा न सुटला, तर ते जहाल पाणी नळात तसेच उभे राहते आणि पुढे नळ उघडणाऱ्याच्या हातावर येते. तो हात बहुधा आपला नसतो.

आमच्या मते प्रश्नाचे मर्म येथेच आहे. आपल्या समाजाने घाण उपसण्याचे काम एका जातीच्या माथी मारले आणि वर तिलाच अस्पृश्य ठरविले. १९३२ साली कोकणचे अप्पासाहेब पटवर्धन यांनी तुरुंगात भंगीकाम आपणांस मिळावे म्हणून उपोषण केले, आणि गांधीजींनीही त्यांच्यासाठी अन्न सोडले. पुढे १९९३ व २०१३ साली हाताने मैला उपसण्याच्या प्रथेविरुद्ध कायदे झाले. तरीही गटारात उतरलेली माणसे गुदमरून मेल्याच्या बातम्या थांबलेल्या नाहीत.

मोठ्या गटाराचा भार नगरपालिकेने यंत्रांनी उचलावा. घरच्या मोरीचा आपणच उचलावा. मोरीच्या तोंडाशी जाळी बसवावी. उरलेले तेल मोरीत न ओतता कागदाने टिपून घ्यावे. तुंबा झालाच तर दांड्याची रबरी वाटी मोरीवर घट्ट बसवून वरखाली दाबावी. शेजारचे भोक ओल्या फडक्याने बंद करावे, नाहीतर जोर तिकडून निघून जातो. तेवढ्याने न भागल्यास खाली बादली ठेवून वाकण उघडावे, किंवा तार घालून गोळा ओढून काढावा. चिकट मळावर साबणाचे गरम पाणी चालते. प्लॅस्टिकच्या नळात मात्र उकळते पाणी ओतू नये. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांचा फेस पाहण्यास गमतीचा असतो, पण केसांचा गोळा त्याने हलत नाही. आम्ल आणि ब्लीचिंग पावडर तर कधीच एकत्र करू नये. त्यांतून विषारी क्लोरीन वायू निघतो.

या कामास फार तर पाऊण तास लागतो. मोहेंजोदडोच्या विटा उचलणारे हात कोणाचे होते, हे त्या विटा सांगत नाहीत. आपल्या मोरीविषयी मात्र ते आपणांस ठरविता येते.