तुरुंगाच्या किल्ल्या आणि गावातली माणसं

ब्राझीलच्या साओ पाउलो राज्यात साओ जोझे दोस काम्पोस हे शहर आहे. एम्ब्राएर ही विमानं बनवणारी कंपनी तिथे 1969 साली निघाली, कारखाने वाढले, वस्ती वाढली. याच शहरातल्या उमाइता तुरुंगात 1972 साली पंधरा कॅथलिक मंडळींचा एक गट जाऊ लागला. पुढाकार होता मारिओ ओत्तोबोनी यांचा. ते वकील होते, पत्रकारही होते. हेतू साधाच होता: कैद्यांना भेटायचं, त्यांच्याबरोबर प्रार्थना करायची, धीर द्यायचा. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात बंदिवानाला भेटणं हे साक्षात ख्रिस्ताला भेटणं मानलं आहे. गटाने नावही त्याच अर्थाचं घेतलं. शेजाऱ्यावर प्रेम केलंस की ख्रिस्तावर प्रेम होईल, अशा आशयाच्या पोर्तुगीज शब्दांची आद्याक्षरं जुळवून ‘आपाक’ हे नाव झालं.

तुरुंगात सेवेला जाणाऱ्या कुणालाही एक गोष्ट लवकर कळते. आपण आत जातो ते कुणाच्या तरी मर्जीने. अधिकारी बदलला की वेळ बदलते, कधी दारच बंद होतं. 1974 साली या मंडळींनी आपाकची रीतसर कायदेशीर संस्था केली. आद्याक्षरं तीच ठेवली, अर्थ मात्र ‘शिक्षा झालेल्यांचं संरक्षण आणि साहाय्य करणारी संस्था’ असा केला. सिल्विओ मार्केस नेतो या न्यायाधीशांची साथ मिळाली. आपाकच्या इतिहासात चमत्कारिक वाटावेत असे प्रसंग पुष्कळ सांगितले जातात, पण मला ही कोरडी नोंदणीच निर्णायक वाटते. भेटायला येणारे लोक त्या दिवसापासून उत्तरदायी झाले. पुढे उमाइता तुरुंगाचा कारभारच त्यांच्याकडे आला, आणि पोलिसांचा पहारा त्यांनी काढून टाकला.

मग कुलपं कोण लावायचं? शिक्षाबंदीच लावत. किल्ल्या त्यांच्याच हाती असत आणि आपाकमध्ये आजही तसंच आहे. माणसाला क्रमांकाने नव्हे, नावाने हाक मारतात. अंगावर गणवेश नाही, छातीवर नावाची पट्टी. स्वयंपाक, साफसफाई, शिस्त सांभाळणारं मंडळ, सगळं आतल्यांचं. बंद, अर्धखुला आणि खुला अशा तीन टप्प्यांतून शिक्षा पुढे सरकते: आधी हस्तव्यवसाय, मग धंद्याचं शिक्षण, शेवटी बाहेर जाऊन काम. मराठी वाचकाला इथे आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर आठवेल. औंध संस्थानात 1939 साली सुरू झालेली, भिंती नसलेली ती कैद्यांची वसाहत आणि तिच्यावरून व्ही. शांतारामबापूंनी काढलेला ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट. पण तिथे संस्थान होतं, राजाची इच्छा होती. उमाइतात गावातली माणसं होती, आणि फरक तिथेच पडतो.

या माणसांवर काय वेळ येऊ शकते ते 14 फेब्रुवारी 1981 रोजी दिसलं. शेजारच्या जकारेई गावच्या तुरुंगात बंड झालं होतं. मध्यस्थीला ओत्तोबोनी आणि आपाकचे तरुण वकील फ्रांझ दि कास्त्रो होल्झवार्थ यांना बोलावलं. बंडखोरांनी एका पोलिसाला ओलीस धरलं होतं. त्याला सोडा, त्याच्या जागी मी येतो, असं फ्रांझ म्हणाले आणि गेले. पुढच्या गोळीबारात ते मारले गेले, तेव्हा वय होतं अडतीस. त्यांना धन्यवादित घोषित करावं यासाठी चर्चमध्ये रीतसर प्रक्रिया सुरू झाली आहे. मला त्याहून मोठी वाटते ती एक साधी गोष्ट: या मृत्यूनंतर संस्था थांबली नाही. स्वयंसेवक पुन्हा तुरुंगात गेले. त्याच साओ पाउलो राज्यात 2 ऑक्टोबर 1992 रोजी कारांदिरू तुरुंगातलं बंड मोडताना पोलिसांनी 111 कैदी मारले. देशात तुरुंग म्हटलं की हेच डोळ्यांपुढे येत होतं.

उमाइतातला मूळ प्रयोग पुढे बंद पडला. पण तोवर बी मिनास जेराइस राज्यातल्या इताउना शहरात रुजलं होतं. तिथे वाल्देसी फेरेइरा यांनी आपाक उभी केली, आणि आज लोक पद्धत बघायला जातात ते मुख्यतः तिथेच. 2001 साली त्या राज्याच्या उच्च न्यायालयाने ही पद्धत पसरवण्याचा कार्यक्रम हाती घेतला. निरनिराळ्या गावच्या आपाक एका महासंघात बांधल्या गेल्या. वॉटरगेट प्रकरणात तुरुंग भोगून आलेले आणि नंतर तुरुंगसेवेची संघटना काढणारे अमेरिकेचे चार्ल्स कोल्सन उमाइता पाहून भारावून गेले होते. त्यांनी ही गोष्ट जगभर सांगितली.

आपाकबद्दल लिहिताना बहुतेक जण किल्ल्यांवर थांबतात. माझ्या मते खरा भार वाहतात ती ‘धर्मपालक जोडपी’. बऱ्याच बंद्यांच्या मनात आई-बापाची प्रतिमाच मोडलेली असते, आणि बाप म्हटल्यावर ज्याला मार आठवतो तो देवाला बाप कसा म्हणेल, असं ओत्तोबोनींना वाटे. म्हणून गावातल्या एखाद्या नवरा-बायकोने काही बंद्यांचं पालकत्व घ्यायचं, नेमाने यायचं, ऐकायचं. नाताळला फराळ वाटून फोटो काढणाऱ्यांचं हे काम नाही. स्वयंसेवकासाठी दीड-दीड तासाच्या 42 पाठांचा अभ्यासक्रम ठेवला आहे. कारभाराला पगारी माणसं असतात, पण प्रेमाचं काम विनामोबदलाच व्हावं हा ओत्तोबोनींचा हट्ट होता.

आक्षेपही आहेत, आणि ते उडवून लावण्यासारखे नाहीत. आपाकमधून सुटलेले पुन्हा गुन्ह्याकडे फार कमी वळतात, असं संस्था सांगते. पण इथे येणारा माणूस स्वतः लेखी अर्ज करून येतो, न्यायाधीश त्याला पाठवतो, कुटुंब जवळपास राहणारं लागतं. अशांची तुलना कोंबून भरलेल्या सरकारी तुरुंगातल्या सगळ्यांशी सरसकट कशी करायची? दुसरा प्रश्न धर्माचा. पद्धतीच्या बारा घटकांत अध्यात्म आहे, ख्रिस्ताबरोबरच्या मुक्तीचं काही दिवसांचं शिबिर आहे. कोणत्याही पंथाची सक्ती नाही, असं आपाकवाले म्हणतात. पण ज्याची सुटका लवकर-उशिरा होणं वागणुकीच्या अहवालावर ठरतं, त्याचा होकार कितपत मोकळा असतो? या दोहोंची समाधानकारक उत्तरं माझ्या वाचनात आली नाहीत.

ओत्तोबोनी 2019 साली वारले, त्यांनी घालून दिलेली रीत मात्र चालू आहे. नव्या गावात आपाक काढायची असेल तर इमारतीपासून सुरुवात करत नाहीत. आधी न्यायाधीश, चर्चवाले, व्यापारी, शिक्षक अशा गावकऱ्यांची जाहीर सभा बोलावतात, मग संस्था नोंदवतात, मग स्वयंसेवकांचे पाठ सुरू होतात. बंदी येतात ते त्यानंतर. बारा घटकांच्या यादीतही पहिल्या क्रमांकावर अध्यात्म नाही, कामही नाही, गावाचा सहभाग आहे.