आवळपट्टीची कुळकथा

गाडीवर कडबा रचला, वरून दोर टाकला आणि तो सैल वाटला, तर गाडीवान काय करतो? दोरात एक दांडकं अडकवतो आणि पीळ देतो. दोर करकचून आवळला जातो. हीच युक्ती १६७४ साली बेझाँसाँ शहराच्या वेढ्यात एत्येन मोरेल या फ्रेंच शल्यवैद्यानं जखमी सैनिकांच्या हातापायांवर वापरली. जखमेच्या वर कापड बांधायचं, त्यात काठी घालायची आणि रक्त थांबेपर्यंत फिरवायची. इतकंच.

पट्टी बांधणं त्याआधीही लोकांना ठाऊक होतं. सुश्रुतसंहितेतही बंध आवळायला सांगितलं आहे, पण ते सर्पदंशासाठी. त्या प्रकरणाकडं आपण शेवटी येऊ, कारण तिथं आजही माणसं फसतात.

पूर्वी युरोपात पाय कापला की तापल्या लोखंडानं डागून रक्त बंद करीत. सोळाव्या शतकात आंब्रोआज पारे यानं डागण्याऐवजी रक्तवाहिन्या दोऱ्यानं बांधायला सुरुवात केली. पण भळाभळा वाहणाऱ्या रक्तात ती वाहिनी सापडायची कशी? त्यासाठी आधी रक्ताचा ओघ अडवायला हवा. म्हणून मोरेलच्या काठीला मोल आलं. पुढं १७१८ मध्ये पॅरिसच्या झाँ लुई पेती यानं काठीऐवजी स्क्रू बसवला, म्हणजे ती धरून ठेवायला वेगळा माणूस नको. ‘टूर्निके’ हे नाव ‘फिरवणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आलेलं आहे. आपण आपली आवळपट्टी म्हणू.

साधन असून उपयोग नाही, असंही घडतं. ६ एप्रिल १८६२ रोजी अमेरिकेतल्या यादवी युद्धात, शायलोच्या रणांगणावर, सेनापती अल्बर्ट सिडनी जॉन्स्टन यांच्या गुडघ्यामागं गोळी लागली. रक्त बुटात साठत राहिलं आणि ते कुणाच्या वेळीच ध्यानात आलं नाही. आपल्या डॉक्टरांना त्यांनीच दुसऱ्या जखमींकडं पाठवलं होतं. सेनापती गेले, आणि आवळपट्टी त्यांच्या खिशातच होती!

पहिल्या महायुद्धात मात्र पट्टीला बट्टा लागला. खंदकातून शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोचायला तासच्या तास जात. तोवर पट्टीखालचा पाय निकामी होई आणि कापावा लागे. पुष्कळ सैनिकी डॉक्टर तिच्यावर उलटले. ‘अगदी शेवटचा उपाय’ म्हणून ती पुस्तकात उरली, आणि बांधलीच तर थोड्या थोड्या वेळानं सैल करा, असं शिकवलं जाऊ लागलं. माझ्या मते हा दोष पट्टीचा कमी आणि लांबलेल्या वाटेचा जास्त होता.

तिची अब्रू परत आली ती बगदादला. २००६ मध्ये तिथल्या अमेरिकन सैनिकी रुग्णालयात सात महिने नोंदी ठेवल्या गेल्या. पट्टी बांधलेले जखमी होते २३२. मनगटाची नाडी मंदावण्याआधी ज्यांना पट्टी बांधली, त्यांतले शेकडा ९० वाचले. नाडी हाती लागेनाशी झाल्यावर बांधली, त्यांतले फक्त शेकडा १०. आणि केवळ पट्टीमुळं कुणाचाही हात वा पाय कापावा लागला नाही.

आता आपल्या शिवारात या. कडबाकुट्टीत हात गेला, ऊस तोडताना कोयता पोटरीत बसला. आधी स्वच्छ कापड जखमेवर ठेवून दोन्ही हातांनी जोर लावून दाबा. बहुतेक जखमा एवढ्यानंच थांबतात, तिथं पट्टीचं कामच नाही. दाबूनही लाल रक्त उसळतच राहिलं, किंवा अवयवच तुटला, तरच पट्टी. ती जखमेच्या दोन-तीन इंच वर बांधा, गुडघ्यावर वा कोपरावर नको. कापड तीन-चार बोटं रुंद हवं, म्हणजे उपरणं, ओढणी. सुतळी किंवा तार मांसात रुतते. अर्धी गाठ, तीवर दांडकं, पुन्हा गाठ, आणि पीळ. दुखेल, माणूस ओरडेल, तरी रक्त थांबेपर्यंत थांबू नका. अर्धवट आवळलेली पट्टी जास्त वाईट, कारण परतीचं रक्त अडतं आणि धमनीचं वाहत राहतं. बांधल्याची वेळ कपाळावर किंवा चिठ्ठीवर लिहा आणि १०८ ला फोन करा. दोन तासांच्या आत दवाखाना गाठायला हवा. वाटेत सैल करायची नाही; ती जुनी शिकवण आता मोडीत निघाली आहे. गुरुजींनी शाळेत नुसती बांधायची रीत दाखवावी, पण मुलांच्या पायावर पीळ देऊन पाहू नये.

राहिला साप. विष वर चढू नये म्हणून दोरी आवळायची, हा विचार ऐकायला पटतो. पण घोणस, फुरसं यांचं विष एका जागी कोंडलं की तिथलं मांस सडतं. आणि नाग-मण्यारीच्या दंशात बंध एकदम सुटला, तर अडलेलं विष लोंढ्यानं पसरून श्वास बंद पडू शकतो. म्हणून साप चावल्यावर आवळपट्टी नको, चिरा नको, चोखणंही नको. अंगठी, बांगड्या, जोडवी सूज येण्याआधी काढा, चावलेला अवयव फळीला सैलसर बांधून हलू देऊ नका, माणसाला चालवू नका, आणि सर्पविषावरची लस असलेल्या दवाखान्यात न्या. कुणी आधीच दोरी आवळली असेल, तर ती वाटेत सोडू नका. लस तयार ठेवून डॉक्टरच ती सोडतील.