स्केरीव्होर : एका घराचे दुसरे नाव

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील बोर्नमथ हे एकोणिसाव्या शतकात क्षयाच्या व छातीच्या रोग्यांचे गाव म्हणून प्रसिद्धीस आले. पाइन वृक्षांतून येणारी समुद्राची हवा रोग्यांना मानवते, अशी तेव्हाची समजूत होती. तेथील आलम चाइन या घळीच्या काठावर पिवळ्या विटांचे एक घर होते. घर एका निवृत्त नौदल कप्तानाचे आणि नाव 'सी व्ह्यू'. आयुष्य समुद्रावर काढलेल्या माणसाने निवृत्तीनंतर तो दुरून पाहावा, इतका साधा अर्थ त्या नावात होता.

1885 मध्ये थॉमस स्टीव्हन्सन यांनी हे घर विकत घेऊन आपली सून फॅनी हिला भेट दिले. आजारी मुलगा आता इंग्लंडातच राहावा, ही त्यामागची इच्छा. मुलगा म्हणजे रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन. 'ट्रेझर आयलंड' पुस्तकरूपाने 1883 मध्येच आले होते. नव्या घराचे नाव त्याने बदलून 'स्केरीव्होर' ठेवले.

हे नाव एका दीपस्तंभाचे आहे. स्कॉटलंडच्या पश्चिमेस, टायरी बेटापलीकडच्या खडकावर लुईचे चुलते अॅलन स्टीव्हन्सन यांनी सुमारे 48 मीटर उंचीचा हा ग्रॅनाइटचा मनोरा उभारला. काम 1838 मध्ये सुरू झाले आणि 1844 मध्ये दिवा लागला. आजोबा, चुलते, वडील सारेच दीपस्तंभ बांधणारे. लुईनेही आधी अभियांत्रिकीचाच अभ्यास केला. पण 1871 मध्ये त्याने ती वाट सोडली आणि वडिलांना तो मोठा धक्का बसला. त्यामुळे वडिलांच्या पैशाने मिळालेल्या घराला चुलत्यांच्या मनोऱ्याचे नाव देण्यात कौतुकाबरोबरच ऋणाची कबुलीही आहे, असे मला वाटते.

या घरात त्याचा बराच काळ अंथरुणात गेला. तरीही 'डॉ. जेकिल अँड मि. हाइड' आणि 'किडनॅप्ड' या दोन्ही कृती 1886 मध्ये प्रसिद्ध झाल्या, त्या या वास्तव्यातच. हेन्री जेम्स येथे नित्य येत असे आणि चित्रकार सार्जंटने 1885 मध्ये लुई व फॅनी यांचे येथेच चित्र काढले. जेकिलचे घर लंडनमधले आहे. पण दर्शनी बाजूस प्रतिष्ठा आणि मागच्या दाराशी दुसरेच आयुष्य, ही त्या कादंबरीतील वास्तुरचना अशा सभ्य, नीटस घरात बसून सुचावी, हे अर्थपूर्ण आहे.

1887 मध्ये आलेल्या 'अंडरवुड्स' या संग्रहात या घराचा आणि मनोऱ्याचा तुलनात्मक विचार करणारी एक कविता आहे. एका बाजूला हिरवळीचे, उन्हातले नाजूक घर. दुसऱ्या बाजूला लाटा झेलणारा ग्रॅनाइट. यांतले टिकाऊ कोणते, याविषयी कवीला शंका नाही. पूर्वजांच्या दगडी कामापुढे स्वतःचे घर, आणि कदाचित स्वतःचे लेखनही, त्याला तकलादू वाटत होते.

त्याच वर्षी मे महिन्यात वडील वारले आणि ऑगस्टमध्ये स्टीव्हन्सनने बोर्नमथ सोडले. तो युरोपात पुन्हा परतला नाही. 1888 मध्ये 'कॅस्को' या नौकेतून तो पॅसिफिकमध्ये गेला आणि 1894 मध्ये सामोआत, चव्वेचाळिसाव्या वर्षी, त्याचा मृत्यू झाला. दर्यावर्दी जेथे समुद्र सोडून विसावला, तेथूनच हा रोगी समुद्राकडे निघाला.

नोव्हेंबर 1940 मध्ये जर्मन बाँबहल्ल्यात घराची मोडतोड झाली आणि नंतर ते पाडण्यात आले. आज तेथे एक लहान बाग आहे. जमिनीवर पायाची आखणी आणि जवळ दीपस्तंभाची दगडी प्रतिकृती. मूळ मनोरा मात्र अजून उभा आहे. कवितेतील भाकीत असे शब्दशः खरे ठरले. परंतु आखलेल्या त्या रिकाम्या खोल्या पाहण्यास लोक येतात, ते तेथे लिहिल्या गेलेल्या पुस्तकांमुळे. टिकाऊपणाच्या हिशेबात स्टीव्हन्सनने ग्रॅनाइट धरला होता. कागद धरायचा राहून गेला.