काळ्या गालांवरचे पांढरे ओघळ

डोळे उघडायची घाई करू नका. उघडूनही काही दिसणार नाही. जमिनीच्या पोटात तुम्ही कुशीवर आडवे पडलाय. वरचा दगड कानाला घासतोय. चरबीच्या मेणबत्तीचा खवट वास, शेजारच्या गड्याचा घाम, कुदळीचे ठोके. दातांत कोळशाची कचकच. कितीही थुंका, जात नाही.

दोराने वर ओढून घेतात तेव्हा गार वारा ओल्या सदऱ्यातून थेट हाडांत शिरतो. हे इंग्लंडातल्या ब्रिस्टलजवळचं किंग्जवूड. 1739 सालचा हिवाळा सरत आलाय. पाठीवर कोळसा लादलेली जनावरं चिखल तुडवत शहराकडे निघालीत. शहराला तुमचा कोळसा लागतो, पण तुम्हाला तिथे रानटीच म्हणतात.

"टेकडीवर चल, पाद्री आलाय," गडी म्हणतो.

"उघड्यावर?"

"शहरातल्या चर्चांनी दारं लावून घेतली त्याला."

पहिल्या दिवशी दोनशे जण होते म्हणे. आज पायाला पाय लागतोय. खोकला, शिव्या, ओल्या लोकरीचा वास. पुढे उभा आहे 24 वर्षांचा जॉर्ज व्हाइटफील्ड, एका डोळ्याने जरा तिरळा. तोंड उघडतो आणि आवाज पार मागे, तुमच्यापर्यंत, स्वच्छ येतो.

येशू जकातदारांचा मित्र होता, तो सांगतो. नीतिमानांना नव्हे, पाप्यांना बोलवायला आला होता.

आता हा किंमत सांगेल, म्हणून तुम्ही वाट बघता. उपास? देणगी? निदान धुतलेला सदरा? जन्मभर सगळं मोजूनच मिळालंय: कोळसा मोजून पैसे, पैसे मोजून पाव. किंमत येतच नाही. देव कृपा करतो ती आपल्या मर्जीने, तो म्हणतो. तुमची लायकी बघून नव्हे.

हा माणूस हे नुसतं पुस्तकातून बोलत नाही. खाणावळवाल्याचा मुलगा, ऑक्सफर्डला श्रीमंत पोरांची कामं करून शिकला. देव प्रसन्न व्हावा म्हणून थंडीत झाडाखाली गुडघे टेकले, अंथरूण धरेपर्यंत उपास केले. त्यातून शांती मिळाली नाही. म्हणूनच त्याच्या बोलण्यात घासाघीस नाही. निवड सर्वस्वी देवाची, ही शिकवण पुण्य साठवलेल्याला बोचते, हे मला कळतं. पण इथे कुणापाशी साठवलेलं काही नाहीच. रिकाम्या हातांना ती पहिल्यांदाच जवळची वाटते.

तुम्ही गड्याकडे बघता. त्याच्या काळ्याकुट्ट गालावर दोन पांढरे ओघळ. हा कधी रडत नाही. छत कोसळून भाऊ गेला तेव्हाही रडला नव्हता.

वारा सुटतो आणि तुमच्याही गालांना गार लागतं. हाताच्या पाठीने पुसता. हात काळाच, गाल आणखी माखतो, आणि त्या काळ्यावरून पुन्हा ओघळ येतो.