एक बिट बदलायचा कसा? सी भाषा आणि हार्डवेअर रजिस्टरची गोष्ट

आपण नागपूरकर, तेव्हा सुरुवात कळमन्याच्या बाजारातून करू. समजा, अडत्याच्या दुकानात भावाचा फळा आहे, एका ओळीत आठ रकाने. नियम असा की एकच रकाना पुसता येत नाही. पूर्ण ओळ कागदावर उतरवायची, हवा तो आकडा बदलायचा आणि पूर्ण ओळ फळ्यावर पुन्हा लिहायची. आता तुम्ही कागदावर लिहीत असताना दुसऱ्या मुनिमाने येऊन पाचवा रकाना बदलला, तर? तुमची जुनी ओळ त्याचा नवा भाव पुसून टाकते. आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही!

हार्डवेअर रजिस्टरचं अगदी असंच आहे. एका शब्दात अनेक बिट, प्रत्येकाचं काम वेगळं. आजचा प्रश्न एवढाच: त्यातला एक बिट बदलताना बाकीचे सुखरूप कसे ठेवायचे?

१९७० साली पीडीपी-११ हे यंत्र आलं. त्यात उपकरणांशी बोलायला वेगळ्या सूचना नव्हत्या. उपकरणाची रजिस्टरं मेमरीच्या पत्त्यांवरच बसवलेली. कन्सोलच्या कीबोर्डचं स्थिती-रजिस्टर अष्टमान पद्धतीत १७७५६० या पत्त्यावर. त्यातला सातवा बिट म्हणजे 'अक्षर आलं', सहावा म्हणजे 'इंटरप्ट चालू'. याच यंत्रावर डेनिस रिची यांनी सी भाषा घडवली, आणि १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा सीमध्ये पुन्हा लिहिला गेला.

१९७५ च्या सहाव्या आवृत्तीतला कन्सोलचा ड्रायव्हर उघडून बघा. तिथे ०१०० आणि ०२०० असे अष्टमान आकडे नाव देऊन ठेवलेत, आणि ऑर करून बिट लावलाय. यालाच आपण मास्क म्हणतो. आणि गंमत बघा, पीडीपी-११ वर मेमरीतला बिट लावायला एकच सूचना पुरायची. मध्येच इंटरप्ट घुसायला जागाच नाही. म्हणजे ती ओळ सुरक्षित होती, पण ती सुरक्षितता भाषेने दिलेली नव्हती, यंत्राने दिलेली होती.

१९७८ मध्ये कर्निघन आणि रिची यांचं पुस्तक आलं. त्यात बिट-फील्ड आहेत: स्ट्रक्चरमध्ये नाव लिहा, कोलन द्या, किती बिट ते सांगा. रजिस्टरसाठीच बनवल्यासारखं वाटतं, नाही? पण त्याच पुस्तकात सांगितलंय की पीडीपी-११ वर हे बिट उजवीकडून डावीकडे भरतात, इतर यंत्रांवर डावीकडून उजवीकडे. पुढच्या प्रमाणांनीही हा क्रम कंपायलरवरच सोडला. म्हणजे चिपच्या माहितीपत्रकातला तिसरा बिट तुमच्या स्ट्रक्चरमध्येही तिसराच असेल, याची हमी भाषा देत नाही.

दरम्यान कंपायलर हुशार झाले. 'बिट लागेपर्यंत थांब' असं लूप लिहिलं, तर कंपायलर म्हणायचा, ही जागा तर कुणी बदलतच नाही, एकदाच वाचतो. झालं, लूप कायमचं अडकलं. म्हणून १९८९ च्या अन्सी प्रमाणात 'व्होलाटाइल' आलं. पण नीट ऐका: व्होलाटाइल प्रत्येक वाचन-लेखन खरोखर करायला लावतं. वाचा-बदला-लिहा या तीन पायऱ्यांना ते एकसंध करत नाही.

आपल्याकडे अभियांत्रिकीच्या कितीतरी पिढ्या ८०५१ वर शिकल्या. इंटेलची ही चिप १९८० ची. तिच्यातही एक बिट लावायला एकच सूचना आहे. त्यामुळे हात तसाच वळला. पुढे तीच मुलं आर्मच्या चिपवर गेली. तिथे साधारणपणे तीच ओळ तीन सूचनांची होते: आणा, ऑर करा, परत ठेवा. ओळ तीच राहिली, यंत्र बदललं. मधल्या फटीत इंटरप्ट आला की झाला आपला भावाचा फळा!

चिप बनवणाऱ्यांनी यावर उपाय काढले. एसटीएम३२ मध्ये पोर्टासाठी एक खास रजिस्टर आहे: खालच्या अर्ध्यात १ लिहिला की पिन लागते, वरच्या अर्ध्यात लिहिला की उतरते, ० ने काहीच होत नाही. आधी वाचायची गरजच नाही. पण काही स्थिती-रजिस्टरांत १ लिहिला की खूण पुसली जाते. तिथे सवयीने ऑर केलं, तर लागलेल्या सगळ्याच खुणा पुसल्या जातात आणि एखादा इंटरप्ट हरवतो. बिट-फील्डला दिलेली साधी किंमतसुद्धा आतून हेच करते.

२०१६ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात फील्डसाठी मॅक्रो आले: मास्क द्या, किंमत द्या, स्थिर किंमत मास्कमध्ये मावत नसेल तर कंपाइल करतानाच चूक दाखवतात. पाया मात्र १९७५ चाच, मास्क आणि ऑर.

तेव्हा रजिस्टरला हात लावण्याआधी तीन गोष्टी विचारा. वाचन-लेखन किती बिटांचं हवं? १ आणि ० लिहिण्याचा इथे अर्थ काय? आणि माझ्याशिवाय हे रजिस्टर आणखी कोण बदलतं? तिसऱ्याचं उत्तर 'कुणीतरी' असेल, तर तेवढ्यापुरता इंटरप्ट बंद करा, नाहीतर चिपने दिलेलं लावा-उतरवा रजिस्टर वापरा. भाषा हे तुमच्यासाठी करणार नाही. पहिल्या दिवसापासून तिने ते केलेलं नाही.

आता प्रश्न घेऊया.