ओळखीचं औषध, अनोळखी साथ : १९१८ चं ॲस्पिरिन

मंडळी, १९१८ च्या इन्फ्लुएन्झाचा इतिहास सांगताना आपण बहुतेक वेळा विषाणूबद्दलच बोलतो. आज आपण त्या साथीत रोग्यांना दिलेल्या एका औषधाकडे बघणार आहोत. औषध नवं नव्हतं. बायर कंपनीने १८९९ मध्ये ॲस्पिरिन बाजारात आणलं आणि वीस वर्षांच्या आत युरोप-अमेरिकेत ते डोकेदुखी-सांधेदुखीचं घरगुती औषध झालं. फेब्रुवारी १९१७ मध्ये बायरचं अमेरिकेतलं पेटंट संपलं, मग तिथे कितीतरी कंपन्या ते बनवू लागल्या. त्यामुळे साथ आली तेव्हा माल भरपूर होता आणि लोकांचा विश्वासही होता.

दुसरं हाताशी होतं तरी काय? प्रतिजैविकं नव्हती, आणि माणसातला इन्फ्लुएन्झाचा विषाणू सापडायला १९३३ उजाडावं लागलं. ताप उतरवणारी गोळी डॉक्टरांनी जवळ केली यात नवल नाही. १९१८ च्या शरद ऋतूत अमेरिकेचे सर्जन जनरल, तिथलं नौदल आणि तिथल्या वैद्यकीय संघटनेचं नियतकालिक, सगळ्यांनीच ॲस्पिरिनची शिफारस केली.

प्रश्न आहे तो मात्रेचा. त्या काळच्या शिफारशींमध्ये दिवसाला ८ ग्रॅमपासून ३१ ग्रॅमपर्यंतचे आकडे सापडतात. नुसते ८ ग्रॅम म्हणजे नेहमीच्या ३२५ मिलिग्रॅमच्या जवळजवळ २५ गोळ्या झाल्या. आज प्रौढ माणसासाठी दिवसाला साधारण ४ ग्रॅम ही वरची मर्यादा धरतात.

शरीरात याचं काय होतं? मोरीचं उदाहरण घ्या. एक-दोन तांबे पाणी ओतलं तर निघून जातं. पण बादल्यांवर बादल्या ओतल्या तर पाणी जाण्याचा वेग काही वाढत नाही, मोरी तुंबते. यकृताची ॲस्पिरिनचा निचरा करण्याची ताकद अशीच मर्यादित असते. मोठी मात्रा दर तीन तासांनी दिली की औषध रक्तात साठत जातं. हे गणित नीट उलगडलं १९६० च्या दशकात. म्हणजे १९१८ च्या डॉक्टरांना बेफिकीर ठरवून आपण मोकळे होऊ शकत नाही. औषध ओळखीचं होतं, पण त्यांची ओळख होती ती लहान मात्रेशी.

खरी पंचाईत पुढे आहे. ॲस्पिरिनच्या विषबाधेत श्वास जलद होतो, माणूस बरळतो, रक्तस्राव होऊ शकतो आणि काहींच्या फुप्फुसांत पाणी भरतं. इन्फ्लुएन्झाचा रोगी अत्यवस्थ झाला की तोही असाच दिसतो! खाटेजवळ उभ्या डॉक्टरने यातलं रोगाचं कुठलं आणि गोळीचं कुठलं हे कसं ओळखावं? रोग बळावला असं वाटणार, आणि मग गोळ्या बंद तरी कोण करणार?

२००९ मध्ये करेन स्टार्को या अमेरिकी डॉक्टर बाईंनी हा धागा पकडला. मुलांमधला रेज सिंड्रोम आणि ॲस्पिरिन यांचा संबंध दाखवणाऱ्या १९८० च्या अभ्यासातही त्या होत्या. १९१८ मधल्या काही मृत्यूंना, विशेषतः लवकर आलेल्या आणि ओल्या, रक्ताळलेल्या फुप्फुसांच्या मृत्यूंना, ॲस्पिरिनने हातभार लावला असावा, असं त्यांनी मांडलं.

हे गृहीतक आहे, सिद्ध झालेलं नाही, आणि ते ताणू नये असं आम्हाला वाटतं. बहुतेक बळी घेतले ते जंतुजन्य न्यूमोनियाने. शिवाय आपल्याकडे बघा. मुंबईत ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात ७६८ मृत्यू नोंदले गेले. हिंदुस्थानातल्या बळींचे अंदाज सव्वा कोटीच्या आसपास सुरू होऊन दोन कोटींपर्यंत जातात. त्यात पाऊस फसलेला, धान्य महागलेलं. खेड्यापाड्यांतल्या या माणसांपर्यंत ॲस्पिरिन कुठलं पोहोचायला? एवढा संहार गोळीशिवायच झाला. तेव्हा स्टार्को यांचा मुद्दा खरा धरला, तरी तो गोळ्या भरपूर मिळत होत्या तिथल्या काही मृत्यूंपुरताच.

आता एकदम २०२० मध्ये येऊ. क्लोरोक्विन १९३४ मध्ये जर्मनीत तयार झालेलं, मलेरियावर जगभर वापरलेलं. आपल्याकडे तर फारच ओळखीचं. त्याचं भावंड हायड्रॉक्सीक्लोरोक्विन धारावी आणि वरळीच्या वस्त्यांत प्रतिबंधक म्हणून द्यायचा विचारही त्या एप्रिलमध्ये झाला, मग तो लांबणीवर पडला. ही औषधं हृदयाच्या विद्युत लयीवर परिणाम करू शकतात हे डॉक्टरांना आधीपासून माहीत होतं. पण कोविडचा रोगी वयस्क, कधी आधीच हृदयविकार असलेला, आणि जोडीला बऱ्याचदा ॲझिथ्रोमायसिन, तेही त्याच लयीला धक्का लावणारं.

त्याच सुमारास ब्राझीलमधल्या मनाउस शहरात क्लोरोक्विनच्या दोन मात्रांची तुलना चालू होती. जास्त मात्रा होती ६०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, दहा दिवस. ठरवले होते ४४० रोगी. ८१ झाले आणि जास्त मात्रेचा गट थांबवावा लागला. तेराव्या दिवसापर्यंत त्या गटातल्या ४१ पैकी १६ जण दगावले होते, कमी मात्रेच्या गटात ४० पैकी ६. जास्त मात्रेच्या गटात वयस्क आणि हृदयरोगी जास्त होते, त्यामुळे सगळा दोष मात्रेवर टाकता येत नाही. पण इथे दोन गट शेजारी शेजारी होते, रोज कुणीतरी मोजत होतं, म्हणून फरक काही दिवसांत दिसला. १९१८ मध्ये असा दुसरा गट नव्हताच. स्टार्को यांना नव्वद वर्षांनी जुने शवविच्छेदनाचे अहवाल चाळावे लागले ते त्यामुळेच.