कात्रजचा घाट आणि खुनाचा चित्रपट

एखाद्याने आपणांस चकविले म्हणजे 'त्याने कात्रजचा घाट दाखविला' असे आपण म्हणतो. या वाक्प्रचाराच्या पोटात रहस्यकथेचे सारे मर्म दडलेले आहे हे आमच्या ध्यानात अलीकडेच आले, आणि तेही आमच्या महाविद्यालयातील काही मुलांनी कात्रजच्या जुन्या बोगद्यापाशी चित्रित केलेल्या एका लहानशा खुनाच्या चित्रपटामुळे.

परंपरा सांगते ती गोष्ट वाचकांस ठाऊक आहेच. एप्रिल १६६३ मध्ये लाल महालात शास्ताखानाची बोटे छाटून शिवाजी महाराज बाहेर पडले, तेव्हा कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून जनावरे उधळण्यात आली. मोगलांची फौज त्या उजेडामागे धावली आणि महाराज सिंहगडाकडे निघून गेले. मोगल येथे फसले ते मूर्ख होते म्हणून नव्हे. रात्री डोंगरात पलिते हलताना दिसले म्हणजे तेथे सैन्य असावयाचे, हा संकेत त्यांना पक्का ठाऊक होता, म्हणून फसले. ज्या खेडवळाला तो संकेत माहीत नाही, तो जागचा हललाही नसता.

रहस्यपटाचा प्रेक्षक हा असा जाणता मोगल असतो. विजय आनंद यांच्या १९६७ च्या 'ज्युवेल थीफ'चे उदाहरण घ्यावे. (ज्यांनी तो अद्याप पाहिला नसेल त्यांनी हा परिच्छेद ओलांडून पुढे जावे.) नायकासारखाच दिसणारा एक चोर आहे, असे आपणांस पुनःपुन्हा सांगितले जाते. हिंदी बोलपटांतील जुळ्यांची आणि तोतयांची आपणांस इतकी सवय की, तो दुसरा इसम आपण विनातक्रार मान्य करतो. वास्तविक तसा दुसरा इसम मुळात नसतोच! खरा चोर निघतो तो अशोककुमार. ज्या चेहऱ्याने दोन पिढ्यांचा विश्वास कमावला होता, तोच चेहरा दिग्दर्शकाने पलित्यासारखा वापरला. संकेत मोडावयाचा तर तो आधी प्रेक्षकांच्या हाडीमाशी खिळलेला असावा लागतो.

पुण्यात ही विद्या रीतसर शिकविली जाऊ लागली ती १९६० मध्ये, प्रभात कंपनीच्या जुन्या आवारात फिल्म इन्स्टिट्यूट उघडल्यावर. तेथील विद्यार्थी विधु विनोद चोप्रा यांनी १९७६ मध्ये 'मर्डर अ‍ॅट मंकी हिल' हा लघुपट पदविकेसाठी केला. नावाचीच गंमत पाहावी. इंग्रजी हेरकथांच्या मुखपृष्ठावर शोभेल असे ते नाव, पण मंकी हिल आहे आपल्या बोरघाटात, लोहमार्गावर. या खुनाच्या गोष्टीला राष्ट्रीय पारितोषिक मिळाले ते प्रायोगिक चित्रपटाचे. मळलेली वाट आणि प्रयोग यांचे वैर आहे असे मानणाऱ्या आमच्या काही विद्वान मित्रांनी याचा विचार अवश्य करावा. पुढे चोप्रांनी हीच कथा 'सजाए मौत' या नावाने १९८१ मध्ये मोठ्या पडद्यावर आणली. त्याच संस्थेतून निघालेल्या श्रीराम राघवन यांनी २००७ चा 'जॉनी गद्दार' विजय आनंद आणि जेम्स हॅडली चेस या दोघांस अर्पण केला. मात्र त्यात गुन्हेगार कोण हे प्रेक्षकास आरंभापासून ठाऊक असते. गुरूचे ऋण मान्य करून त्याचाच डाव उलटा मांडण्याची ही रीत आम्हांस फार सभ्य वाटते.

परंतु १९७६ हे साल पुणेकरांच्या स्मरणात राहिले आहे ते निराळ्या कारणाने. त्या वर्षाच्या जानेवारीपासून १९७७ च्या मार्चपर्यंत या शहरात दहा माणसांचे खून झाले आणि ते करणारे निघाले कलाशिक्षण घेणारे विद्यार्थी. जोशी-अभ्यंकर खून खटला म्हणून ते प्रकरण प्रसिद्ध आहे. चौघांना १९८३ मध्ये येरवड्यास फाशी झाली. १९८६ मध्ये त्यावर 'माफीचा साक्षीदार' हा चित्रपटही निघाला. आम्ही त्या वेळी शाळकरी होतो. दिवेलागणीनंतर दाराची कडी वाजली की आई प्रथम आमच्याकडे पाही, मग दाराकडे. खुनी मनुष्य दिसावयास भेसूर असतो, हा कथेतला संकेत त्या साली आमच्या घरापुरता तरी कायमचा मोडला. आणि तो मोडण्यात करमणूक मुळीच नव्हती.

म्हणूनच मुलांनी आपला चित्रपट दाखविला तेव्हा आम्ही टाळ्या वाजविल्या नाहीत. बोगद्याच्या तोंडाशी एका मुलाचे प्रेत सापडते, रेनकोट घातलेला इन्स्पेक्टर येतो, आणि शेवटी तो इन्स्पेक्टरच खुनी ठरतो. चकवा चोख होता. आम्ही एवढेच विचारले, "पलिते कात्रजला पाठविलेत ते ठीक, पण तुमचा सिंहगड कोठे आहे? तुम्हांला पोहोचावयाचे कोठे होते?" मुले गप्प राहिली. एकाला राग आल्याचेही दिसले, आणि मास्तरकी फार झाली की काय अशी चुटपुट आम्हांस लागली.

महिन्याभराने त्यांनी तोच चित्रपट पुन्हा दाखविला. पूर्वार्ध तसाच, पार्श्वसंगीत पूर्वीइतकेच कर्कश. परंतु आता इन्स्पेक्टर बोगद्यात शिरतो आणि कॅमेरा त्याच्यामागे जात नाही. तो जातो चौकीत, जेथे मृत मुलाचे वडील पोलिसांनी दिलेल्या वस्तूंची पोच लिहून देत आहेत: घड्याळ एक, पाकीट एक, चप्पल एक. ते विचारतात, "दुसरी?" हवालदार खांदे उडवितो. सभागृहात मागून कोणी तरी ओरडले, "अरे, खुनी कोण ते सांगा!" पडद्यावर रात्र झाली होती, आणि हातात विजेरी घेऊन एक म्हातारा मनुष्य घाटाच्या उतारावर झुडपे बाजूला करीत चप्पल शोधीत होता.